गच्चीवरचा प्रेशर पंप आणि बेडरूममधली घरघर: आवाज मोजून घेण्याचा अनुभव

आमच्या मालवणच्या बिल्डिंगमधला पंपाचा वाद फेब्रुवारीत एकदाचा मिटला. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, "तुम्ही ते आवाजाचं नक्की काय केलंत?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून दमले, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते. कोणाच्या भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर असेल, कोणाच्या खिडकीखाली जनरेटर. थोड्याफार फरकाने क्रम हाच राहील.

चार मजली बिल्डिंग, आमचा फ्लॅट सगळ्यात वर. टाकीचा तळ आमच्या शॉवरपासून जेमतेम आठ-नऊ फूट उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला पाव बार. शॉवरखाली उभं राहिलं तरी अंग पुरतं भिजायचं नाही. मे महिन्यात वरच्या दोन मजल्यांसाठी प्रेशर पंप बसला. पंप मागणाऱ्यांत आम्हीही होतो. हे आधीच सांगते, कारण पुढे "पंप तुम्हालाच हवा होता ना?" हे पुष्कळदा ऐकून घ्यावं लागलं. हवा होताच. झोपही हवी होती.

पंप बसला गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, बरोबर आमच्या बेडरूमच्या डोक्यावर. जूनमध्ये पाऊस लागला. पत्र्यावर आपला पाऊस कोसळत असताना माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पंपाचं काय! ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तसा आवाज उघडा पडला. एसटी स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीसारखी घरघर, आणि पंप बंद होताना भिंतीत एक 'ठक्'. मग शांतता. मग पुन्हा घरघर.

नवरा नोकरीला मुंबईत. तो फोनवर सांगायचा, "कानात बोळे घालून झोप." चतुर्थीला घरी आला, दोन रात्री बेडरूममध्ये काढल्या आणि तिसऱ्या रात्री हॉलमध्ये गादी टाकली. बोळ्यांनी बारीक, तीक्ष्ण आवाज अडतात. खोल घरघर बरीचशी तशीच आत येते. गणपतीवरची फळाफुलांची माटवी उतरायच्या आत त्याचं मत बदललं, हा गणपतीचाच आशीर्वाद.

विसर्जनानंतर सेक्रेटरीकाकांना लेखी पत्र दिलं. तोंडी सांगू नका. पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढे तारीख लागते. काकांनी पंप बसवणाऱ्या प्लंबरला पाठवलं. तो भरदुपारी आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, पंप नवो आसा. माका तर काय आयकाक येना नाय." तो खोटं बोलत नव्हता. तो उभा होता तिथे खरंच ऐकू येत नव्हतं. का, ते पुढे येईलच.

माझे सासरे, अण्णा, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना तशीही रात्री झोप कमी. त्यांनी एक वही केली: पंप कधी सुरू झाला, किती सेकंद चालला, तेव्हा नळ कोणाचा चालू होता. आठवडाभरात त्यातून निघालं ते असं, की रात्री दोन ते चारच्या मध्ये, सगळी बिल्डिंग झोपलेली असताना, पंप दर सहा-सात मिनिटांनी सुरू होतो. "पाणी कुठेतरी जातंय," अण्णा म्हणाले. प्रेशर पंपाचं काम सोपं असतं. पाइपातला दाब ठरलेल्या आकड्याखाली आला की पंप सुरू, वरच्या आकड्याला पोहोचला की बंद. मध्ये एक छोटी टाकी असते, तिच्या आत रबराच्या पिशवीबाहेर हवा दाबून भरलेली. थोडंथोडकं पाणी गेलं तर ती हवाच दाब धरून ठेवते, पंप उठत नाही. आमच्याकडे दोन्ही बिघडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमध्ये फ्लशची टाकी गळत होती (मालक मुंबईला, किल्ली शेजारी), आणि प्रेशर टाकीतली हवा उतरली होती. फ्लशचा वॉशर साडेतीनशे रुपयांत बदलला. हवा भरायला पंपाची वीज बंद केली, पाइपातलं पाणी सोडलं आणि मोटरसायकलच्या टायरला मारतात त्या हातपंपाने भरली. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून किंचित कमी हवा ठेवायची, साधारण ०.२ बारने.

रात्रीचं उठणं-बसणं यानेच निम्म्याहून कमी झालं. म्हणून कोणी विचारलं तर माझं पहिलं सांगणं: मीटर राहू दे, आधी वही कर.

पण पंप चालला की घरघर होतीच. पहाटे पाचला खालच्या काकू उठल्या की आम्हीही उठत होतो.

फोनवरचं ॲप सगळेच घेतात, मीही घेतलं. ते ३१ आणि ३४ च्या मध्ये घुटमळत होतं, पंप चालू असला काय नि बंद असला काय. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. खूप हळू आवाज आणि खूप खोल आवाज, दोन्हींत तो कमी पडतो, आणि आमचा आवाज दोन्ही होता. मग जवळच्या एका कॉलेजात साउंड लेव्हल मीटर मिळेल असं कळलं. मिळाला, पण दुसऱ्या दर्जाचा, आणि त्याच्या कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपलेली. तिथल्या सरांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, "या आकड्यावर भांडू नका, कोणीही उडवून लावेल."

एवढ्यात बिल्डरचा इंजिनीअर येऊन गेला. ताब्याला तीनच वर्षं झाली होती, म्हणून सोसायटीने त्यालाही पत्र दिलं होतं. त्याने दिवसा, खिडकी उघडी असताना, खोलीच्या मध्यभागी हातात मीटर धरला आणि म्हणाला, "नियमात ४५ आहे, तुमच्याकडे ४० सुद्धा नाही." खिडकीतून येणारे कावळे आणि रिक्षा धरून ४० नाही, हे मात्र खरं.

तो नियम मी नंतर नीट वाचला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ती परिसरातल्या, म्हणजे घराबाहेरच्या आवाजाची. बंद खिडकीच्या बेडरूममध्ये आपल्याच इमारतीच्या पंपाचा आवाज किती असावा, हा प्रश्नच तिथे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी सलग आवाज ३० आणि एकेक ठोका ४५ डेसिबलपर्यंत असं दिलंय, आणि खोल आवाज असेल तर त्याहूनही कमी हवा म्हटलंय. तो आपल्याकडे कायदा नाही, पण बैठकीत ठेवायला आकडा आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याच्या एका ध्वनितज्ज्ञांशी बोलणं झालं. मोजणी आणि अहवालाचे २२ हजार, शिवाय येणं-जाणं आणि एका रात्रीची राहायची सोय. आकडा ऐकून आधी फोन ठेवून दिला होता. मग आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून निम्मा-निम्मा करायचं ठरलं. त्यांच्या मुलाचं दहावीचं वर्ष होतं आणि त्याची खोली आमच्या बेडरूमला लागून.

तारीख ठरवणं हीच एक मोहीम. तज्ज्ञांची अट एकच: बाहेर शक्य तितकी शांतता हवी. परतीचा पाऊस होता, म्हणजे पत्रा वाजणार आणि खाली चोंढ्यात बेडूक. मग नवरात्रातला गरबा. मग दिवाळीचे फटाके. दिवाळी झाली की आपल्याकडे जत्रा सुरू, आणि दशावताराचा लाउडस्पीकर पहाटेपर्यंत. शेवटी गावातल्या आणि आजूबाजूच्या देवळांच्या जत्रांच्या तारखा लिहून काढल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरची एक मोकळी रात्र धरली. हवामानखात्याचा अंदाज पाहून तीही एकदा पुढे ढकलली. कोकणात असं काही करायचं असेल तर डिसेंबर ते मार्च हे महिने धरा.

तज्ज्ञ रात्रीच्या बसने सकाळी पोहोचले, दिवसा झोपले आणि रात्री साडेबाराला कामाला लागले. आधी आमच्या घरातले आवाज बंद करायला लावले: फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, भिंतीवरचं टिकटिक घड्याळ. आमचा इन्व्हर्टर इतका गुणगुणतो हे त्या रात्री कळलं. खिडक्या-दारं बंद, खोलीत ते एकटे. आम्ही हॉलमध्ये श्वास रोखून.

मीटर पहिल्या दर्जाचा. मोजायच्या आधी त्याच्या माइकवर एक छोटी डबी बसवून ती वाजवली. ती १००० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; जितकी कमी तितका आवाज खोल) बरोबर ९४ डेसिबल देते, तेवढेच मीटरवर दिसले पाहिजेत. शेवटीही पुन्हा तेच. दोन्ही आकडे अहवालात असले पाहिजेत. नसतील तर मागून घ्या.

मग ते कोपऱ्याकोपऱ्यात फिरले. इमारतीतल्या यंत्रांचा आवाज घरात कसा मोजायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १६०३२. त्यात एक जागा कोपऱ्यातली घ्यावी लागते, आणि तीही जिथे खोल आवाज सर्वाधिक त्या कोपऱ्यातली. भिंतींपासून साधारण अर्धा मीटर अंतरावर. बाकी दोन जागा खोलीत मोकळ्यावर. अण्णा गच्चीवर बसून नळ सोडून पंप चालता ठेवत होते आणि फोनवर "चालू", "बंद" सांगत होते. मध्येच कुत्रे भुंकले की ते मोजमाप रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पंप बंद असतानाचा आवाजही तितक्याच काळजीने मोजला. दोन्हींत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर आकडा तसाच घेतात. चारपासून दहापर्यंत असेल तर थोडं वजा करतात. चारपेक्षा कमी असेल तर तो पंपाचा आकडा म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच शांत रात्रीचा एवढा आटापिटा.

उशाकडे पंप चालू असताना ३३ डेसिबल आले, बंद असताना २५. फरक ८, म्हणजे पाऊण डेसिबल वजा जाता पंपाचे ३२. माझा चेहरा पडला. तीन महिने ज्याच्यापायी झोप नाही तो एवढासाच?

तेव्हा त्यांनी मीटरची स्क्रीन बदलून दाखवली. आपण नेहमी वाचतो तो आकडा 'ए' प्रकारचा. त्यात खोल आवाजांची किंमत कानाच्या हिशेबाने कमी धरतात: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ५० हर्ट्झला तब्बल ३०. 'सी' प्रकारात ही कपात जवळजवळ नसते. त्याच जागी 'सी' आकडा ६० होता. दोन्हींत एवढी तफावत दिसली की आवाज खोल आहे आणि नुसत्या 'ए'वर विसंबून चालणार नाही, हे समजायचं. खोल ते तीक्ष्ण अशा सुरांच्या पट्ट्या पाडून एकेक पाहिली तर सगळा डोंगर एकाच ठिकाणी, ५० हर्ट्झच्या पट्टीत ६१ डेसिबल. एवढ्या खोल सुराला माणसाचा कान साधारण ४४ डेसिबलपासून दाद देतो.

अण्णांनी पंपाच्या पाटीवर वाचलं होतं: मिनिटाला २८८० फेरे. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ४८. ५० च्या पट्टीत बसणारा तोच सूर.

आणि मग प्लंबरचं कोडं सुटलं. त्यांनी मला आत बोलावलं, पंप चालू ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "उशापासून समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत जा." पलंगाच्या डोक्याशी घरघर कानात भरलेली. दोन पावलांत ओसरली. खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीच. पुढे समोरच्या भिंतीशी पुन्हा तेवढीच. मध्यावर मीटरमध्ये त्या पट्टीत ४४ आले, म्हणजे कानाच्या अगदी उंबरठ्यावर. आमची खोली १२ फूट लांब, आणि ४८ हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ त्याच्या दुप्पट, २४ फूट. खोलीची लांबी लाटेच्या निम्मी भरली की तो सूर दोन भिंतींमध्ये घुमतो. भिंतींशी सर्वात मोठा, मधोमध नाहीसा. म्हणजे प्लंबर आणि इंजिनीअर दोघेही नेमके त्या मधल्या जागी उभे होते, आणि आपण सगळे झोपताना डोकं भिंतीकडे करतो. या एका फेरीने माझे अर्धे पैसे वसूल झाले. तुमच्याकडे कोणी बघायला आलं तर त्यांना उशाशी बसवा.

त्यानंतर गच्चीवर. आवाज हवेतून येतच नव्हता. पंपाला हात लावला तर विशेष काही नाही, पण पंपातून निघालेल्या पाइपाला लावला तर बोटं झिणझिणत होती. रबराचे पॅड होते पंपाखाली, पण त्यांच्यातून गेलेले बोल्ट स्लॅबमध्ये करकचून आवळलेले, त्यामुळे कंप रबराला वळसा घालून थेट काँक्रीटमध्ये. तज्ज्ञांनी एकेक गोष्ट सोडवून खाली मोजलं. बोल्ट सैल केले, उशाकडचा आकडा थोडा उतरला. मग पाइपाचे पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, ठोकलेले क्लॅम्प सैल केले, एकदम धपकन उतरला. तिसरी जागा स्लॅबमधलं भोक, जिथून पाइप खाली शाफ्टमध्ये उतरतो. भोवती सिमेंट भरून पाइप पक्का गाडलेला. त्या रात्री ते फोडता आलं नाही. 'ठक्' होता तो पाणी उलटं फिरू न देणारा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह आपटल्याचा, एकेका ठोक्याला ४६.

सगळं एकदम सोडवू नका. एकेक करा आणि प्रत्येक वेळी मोजा, म्हणजे पैसा कुठे घालायचा ते दिसतं. बैठकीत कोणीतरी "पंपावर पेटी करून आत थर्माकोल लावू" म्हणालंच. तो खर्च पाण्यात गेला असता.

अहवाल दहाएक दिवसांनी आला. डिसेंबरच्या बैठकीत तो ठेवला आणि सोसायटीने बिल्डरला दुसरं पत्र दिलं. या वेळी ४५ चा वाद घातलाच नाही. घरखरेदीदारांसाठीचा रेरा कायदा, २०१६, कलम १४(३): ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष कळवला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा. पंप नंतर बसलेला, त्यामुळे तो आपला नाही असं त्याचं म्हणणं आलं, आणि ते रास्तच होतं. पण पाइप, क्लॅम्प आणि ते गाडलेलं भोक मूळ बांधकामातलं. त्यावर पत्रापत्री झाली, मग काकांनी त्याच्या ऑफिसात जाऊन चहा घेतला, आणि पाइपाचं काम त्याने करायचं, पंपाचं सोसायटीने, असं ठरलं. मला विचाराल तर त्या चहाने जास्त काम केलं, पण चहाच्या वेळी काकांच्या हातात अहवाल होता.

काम जानेवारीत झालं. पंपाच्या दोन्ही बाजूंना रबरी बेलो, म्हणजे लवचीक जोड. पाइपाला रबराचं अस्तर असलेले क्लॅम्प. भोकातलं सिमेंट फोडून पाइपाभोवती मोकळी जागा आणि तीत न सुकणारं सीलंट. स्प्रिंगवाला, न आपटणारा व्हॉल्व्ह. पॅड पंपाच्या वजनाला बेतून घेतले: वजनाने ते दोन-चार मिलिमीटर दबले पाहिजेत, नाहीतर ते रबर असून दगडच. पंपाखाली लोखंडी स्प्रिंग घालायची सूचना एकाने केली होती; खाऱ्या हवेत ती दोन पावसाळ्यांत गंजून बसली असती, म्हणून नको म्हटलं. सोसायटीचा खर्च मजुरीसकट १४ हजारांच्या आत-बाहेर झाला.

फेब्रुवारीत तज्ज्ञ दुसऱ्या कामासाठी गोव्याला चालले होते, वाटेत थांबून पुन्हा मोजून गेले. त्याचे सहा हजार घेतले. उशाकडे ५० हर्ट्झच्या पट्टीत ६१ चे ४७ झाले. 'ए' आकडा २६ आला आणि पंप बंद असताना २५, म्हणजे नियमाप्रमाणे आता पंपाचा वेगळा आकडा सांगताच येत नाही. अहवालात तसंच लिहिलंय. भिंतीला कान लावला तर कळतं अजून.

दर सहा महिन्यांनी प्रेशर टाकीतली हवा तपासायची, हे सोसायटीच्या देखभालीच्या यादीत घालून घेतलंय. हवा भरायचं काम अण्णांनी स्वतःकडेच ठेवलंय. मोजणीचे पैसे सोसायटीने द्यावेत की आम्ही दोन घरांनी, यावर मार्चच्या सर्वसाधारण सभेत चर्चा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी लिफ्टच्या आवाजाचा अर्ज दिलाय. त्यांना अण्णांनी एक कोरी वही नेऊन दिली.